आबांच्या गाठोड्यातला शाफ्ट

मैत्रिणींनो, आज हात काळे झालेत आणि मन भरून आलंय.

सकाळी आम्ही दोघं धुळ्याहून जळगावला निघालो. पारोळ्याच्या अलीकडे आबांची, म्हणजे माझ्या दिवंगत वडिलांची, जुनी डिझेल गाडी थांबली. इंजिन सुरू, गियरही पडत होता, पण गाडी जागची हलेना.

गावातले मिस्त्री आले. "अक्का, मागला अ‍ॅक्सल शाफ्ट तुटना. बठ्ठं जळगाव फिरा, आते भेटाव नही." म्हणजे चाक फिरवणारा दांडा तुटला होता, आणि एवढ्या जुन्या गाडीचा तो आता कुठेच मिळणार नव्हता.

"झालं! आता भंगारात," आमचे हे म्हणाले. एरवी यावरून मी भांडते, या वेळी मीही मान डोलावली.

तरी मिस्त्री चाक खोलून बघणार होते, म्हणून जॅकसाठी डिकी उघडली, तर स्टेपनीखाली आबांनी बांधलेलं ते जड गाठोडं. "उगाच वजन" म्हणून हे कितीदा ते काढायला निघाले होते. मी काढू दिलं नाही, पण कधी सोडूनही पाहिलं नव्हतं.

मिस्त्रींनी गाठ सोडली. आत ग्रीस लावलेला नवाकोरा शाफ्ट, माझ्या कॉन्व्हेंटच्या निळ्या ट्युनिकमध्ये गुंडाळलेला! खिशावर आईने शिवलेलं माझं नाव अजून वाचता येत होतं.

तुटलेला तुकडा चुंबकाने बाहेर काढून मिस्त्रींनी नवा शाफ्ट बसवला. "आबा भलता हुशार व्हतात," म्हणाले आणि हात पुसायला ट्युनिक उचललं. मी ते हिसकावूनच घेतलं.

जळगावला पोहोचलो. उतरताना हे म्हणाले, "भंगारवाल्यांकडे तसा अजून एक मिळतो का विचारू. डिकी रिकामी वाटते."

ट्युनिक बादलीशेजारी ठेवलंय, पण धुवायला हात होत नाही. ते ग्रीस आबांच्या हातचं आहे. तुम्ही धुतलं असतं का?