फाट्यावर माणूस नव्हता

चकलांब्याकडच्या एका वस्तीवरचं ते प्रकरण माझ्या मनातून अजून जात नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता. एका घराला आग लागली होती आणि ती विझवायला गेलेल्या बंबाच्या ड्रायव्हरचं डोकं कुणीतरी दगडाने फोडलं होतं.

दोघा भावांचं घर. भाव वाढेल या आशेने कापूस घरातच भरून ठेवलेला. दुपारी शॉर्टसर्किट झालं. कापूस एकदा आतून पेटला की घागरीने विझत नाही. बंब पोहोचला तोवर छत खाली आलं होतं आणि गोठ्यातली गाभण गाय गेली होती. बंबाच्या मागे अ‍ॅम्ब्युलन्सही आली होती. तिच्यातून दवाखान्यात गेला तो बंबाचा ड्रायव्हरच.

ठाण्यात दोन कागद आले. नगरपालिकेकडून अनोळखी इसमाविरुद्ध फिर्याद, सरकारी कामात अडथळा आणि मारहाण. दुसरा थोरल्या भावाचा तक्रारअर्ज. ड्रायव्हर दारू प्यालेला होता, वस्ती सोडून पुढच्या गावाला गेला, म्हणून घर जळालं. आगीचा व्हिडिओ याच मजकुरासकट तालुकाभर फिरत होता. ड्रायव्हर कंत्राटी. चौकशी लागली आणि त्याला घरी बसवलं. दोषी ठरला असता तर नोकरी गेलीच होती. दवाखान्याच्या तपासणीत दारू निघाली नाही, तर लोक म्हणाले, तपासणीच मॅनेज केली. लोकांना एकदा ठरवायचं असलं की कागद काय करणार!

मी त्याच्या घरी जाऊन जबाब घेतला. डोक्याला पट्टी, आवाज शांत.

"साहेब, रानातल्या वस्त्या आमाला कशा ठावूक असणार? फोन आला की एकच सांगतो, फाट्यावर माणूस उभा करा. तिथं कुणी न्हवतं. म्हणून पुढं गेलो, तिथून फिरून आलो."

थोरला भाऊ मात्र ठाम होता. "माझा धाकटा फाट्यावर होता. त्यानं हात केला, ह्यो थांबला न्हाई."

धाकट्यानेही तेच सांगितलं, जरा जास्तच जोरात. दगडाबद्दल विचारलं तर अख्ख्या वस्तीला काही दिसलं नव्हतं. अशा वेळी सगळ्यांची पाठ नेमकी दगडाकडेच असते, हा माझा नोकरीभराचा अनुभव आहे.

धागा मिळाला तो चहाच्या टपरीवर. आमचा बीट हवालदार फाट्यावर चहाला थांबला, तेव्हा टपरीवाला सहज बोलून गेला, "बंब गेला तवा हितं कुणीच न्हवतं. धाकटा आधी उभा होता. धूर काळा झाला तसा मोटारसायकल टाकून रानातून घराकडं पळाला."

"मग इतके दिवस गप कावून बसला?"

"कुणी इचारलंच न्हाई. अन् रोजचं गिऱ्हाईक हाय ते."

धाकट्याला ठाण्यात बोलावलं. मी ओरडाआरडा करणाऱ्यांतला नाही. चहा दिला आणि बसवून ठेवलं. मग विचारलं, फाटा कधी सोडला?

"बंब गेल्यावर."

मी तालुकाभर फिरलेला तोच व्हिडिओ त्याच्यासमोर लावला. सगळे ज्वाळा बघत होते, मी माणसं बघितली होती. त्यात हा पठ्ठ्या गोठ्याच्या दारात, हातात कोयता, बैलांचे दोर कापतोय. मागून बाया ओरडताहेत, "बंब कुठवर आला रं?" हा मान न वळवता ओरडतो, "आजून दिसला न्हाई!" व्हिडिओ संपतो तरी बंबाचा पत्ता नाही.

त्याने मोबाईल उलटा ठेवला आणि रडायला लागला.

"गोठ्यात जनावरं हंबरत होती, साहेब. मला तिथं उभं राहवलं न्हाई. बंब आला तवा समदे त्याच्यावर धावले. ड्रायव्हर म्हणला, फाट्यावर माणूस न्हवता. मग समदे माझ्याकडं बघाया लागले. हातात दगड कवा आला, कळलं न्हाई."

एवढंच. त्या माणसाचं तोंड बंद करायचं होतं.

थोरल्याला बोलावून समोरासमोर बसवलं. मला वाटलं, आता कानाखाली वाजवतो. पण तो म्हणाला, "गोठ्याकडंच पळालास न्हवं? दुसरीकडं तर न्हाई." धाकट्यावरचा गुन्हा काही मागे घेता येण्यासारखा नव्हता, दोषारोपपत्र गेलं. थोरल्याने पुरवणी जबाबात आरोप मागे घेतला आणि मला म्हणाला, "साहेब, ड्रायव्हरच्या घरी घेऊन चला."

दारात ड्रायव्हरची बायको उभी राहिली. तिने आत या म्हटलं नाही. "माफी घरात येऊन मागता व्हय? दारुडा म्हणताना समद्या तालुक्याला ऐकवलं."

थोरला दारातूनच परतला.

पुढच्या आठवडी बाजारात मी बंदोबस्तावर होतो. थोरल्याने एका कांदेवाल्याचा भोंगा मागून घेतला आणि भर गर्दीत, अडखळत बोलला, "आमच्या घरी बंब उशिरा आला ते आमच्यामुळं. आमचा माणूस फाट्यावर थांबला न्हाई. ड्रायव्हर प्यालेला न्हवता. दगड माझ्या भावानं मारला." लोक क्षणभर थांबले, कुणीतरी मोबाईल वर धरला, मग पुन्हा भाव सुरू झाले.

ड्रायव्हर नंतर कामावर रुजू झाला. या प्रकरणाने मला एक गोष्ट पक्की शिकवली. गर्दीचा राग बहुतेक वेळा वर्दीवाल्यावर निघतो, कारण तो परका असतो आणि त्याला मारलं तर गावात कुणाशी वैर होत नाही. पण मदतीला धावून येणाऱ्यालाही घर असतं, गल्ली असते, शेजारी असतात. ते मी त्या बाजारात पाहिलं. ड्रायव्हरची बायको एका कडेला उभी होती. त्या बदनामीपासून ती घराबाहेर पडली नव्हती, आज थोरल्याने निरोप धाडला म्हणून आली होती, हे मला नंतर कळलं. भोंग्यावरचं शेवटपर्यंत ऐकून तिने डोक्यावरचा पदर जरा मागे सारला, पिशवी उघडली आणि मोठ्या आवाजात वांग्यांचा भाव विचारला.