बिघडलं तं कोन दुरुस्त करन?

मंगळवारी सकाळी वहिनी गेली.

कोणतीही वस्तू घरात आणण्याआधी ती एकच विचारायची, "बिघडलं तं कोन दुरुस्त करन?" सुपेल्याच्या बाजारातल्या दुकानदारांना हा प्रश्न पाठ झाला होता. एखादा दुकानदार नवा स्टोव्ह काढू लागला की शेजारचा हसून ओरडायचा, "पहले मिस्त्री दिखाओ इनको, स्टोव्ह बाद में!" आणि ती खरोखरच आधी मिस्त्रीला भेटून यायची.

चीनच्या युद्धानंतर दादाच्या मनात शेअर घ्यायचे आले. पोलाद कारखान्याची वाढीव बांधणी तेव्हा चालूच होती आणि दादा रोलिंग मिलमध्ये होता. सैन्यासाठी वायरलेस सेट बनवणाऱ्या एका कंपनीचे नाव त्याला कुणीतरी सांगितले होते. पैसे बोरसीत घर बांधण्यासाठी साठवलेले.

"गिऱ्हाईक सरकार आहे. बुडन कशी?" दादा म्हणाला.

"सेट बिघडला तं कोन दुरुस्त करन?"

"अवं, मी काय स्टोव्ह घेऊन राहिलो?"

वहिनी हसली नाही. तिचा धाकटा भाऊ शंकर सीमेवर असाच सेट पाठीवर वागवत होता.

शंकर रजेवर आला तेव्हा तिने वाढता वाढता त्यालाच विचारले. तो म्हणाला, "बिघडला की मागं पाठवतो, ताई. वापस येतच नाही."

"नाही घ्यायचे," ती दादाला म्हणाली.

भाव चढत गेला. दादा चहा पिताना म्हणायचा, "तुह्या स्टोव्हनं माह्या घराच्या भिंती खाल्ल्या." त्यावर ती, "कावून? क्वार्टर गळून राहिलं का?"

पुढच्या रजेत शंकर सांगू लागला, कंपनीचे मिस्त्री आता छावणीतच येऊन राहतात, सेट लवकर हाती येतो. वहिनीने पदराला हात पुसले. "आता घ्या."

"आता? महाग झाले!"

मी तेव्हा अर्थशास्त्र शिकत होतो. भाव मिस्त्री येण्याआधीच चढला होता, हे मी तिला समजावू लागलो.

"ते जाऊ द्या, भाऊजी. आता शंकरचा सेट बोलते."

तेवढ्या पैशात थोडेच शेअर आले. बोरसीचे घर उशिरा झाले, तेही दोन खोल्यांचे. पुढे दादाने शेअर विकायचा विषय काढला की ती विचारायची, "मिस्त्री कमी केले का त्यायनं?"

शंकर पेन्शन घेऊन सुखरूप घरी आला. मंगळवारी तिरडीला पहिला खांदा त्याने दिला. शेअर अजून दादा-वहिनी दोघांच्या नावावर आहेत.