सैल स्क्रूवरचा लाल ठिपका

मिस्त्रीच्या हाताखालून गेलेली गाडी लगेच ओळखू यायची. बॉनेट उघडलं की आवळलेल्या प्रत्येक स्क्रूवर नेलपॉलिशचा लाल ठिपका. ठिपका चिरला की समजायचं, स्क्रू ढिला झाला. आता बिनलग्नाच्या माणसाच्या खिशात नेलपॉलिशची बाटली म्हणजे टवाळांच्या हाती आयतं कोलीतच! पण ही सवय लावली होती त्याच्या थोरल्या भावानं. "ठिपका नाही तर काम झालं नाही," म्हणत दादानं त्याला लहानपणी कितीतरी टपल्या मारल्या होत्या. बाप गेल्यावर त्याला वाढवलं ते दादानंच.

दादाचा सगळा जन्म जीपमध्ये गेला. डोंगरावरच्या वस्त्यांना रस्ता म्हणावा असा नव्हताच, दगडधोंड्यांतून चढायचं. पिठाची पोती, गॅसच्या टाक्या, अडलेल्या बाळंतिणी, सगळ्यांची ने-आण दादाच्या जीपनं केली. आणि आता मेल्या साखरेच्या आजारानं त्याचा उजवा पाय बधिर करून टाकला होता. चप्पल निसटून मागे राहिली तरी त्याला पत्ता नसायचा.

"पायाला कळत नाही, पण हाताला कळतं ना?" दादा एक दिवस गॅरेजमध्ये येऊन म्हणाला. "ट्रॅक्टरला असतो तसा हातानं ओढायचा अ‍ॅक्सिलरेटर बसवून दे."

"आणि ब्रेक?"

"डाव्या पायानं मारीन."

"मग क्लच?"

"तू मिस्त्री आहेस की फौजदार?" दादा उखडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बारक्या, घरी बसलो तर मरेन रे मी."

दादानं आजवर त्याच्याकडे काही म्हणून मागितलं नव्हतं. मिस्त्री हो म्हणून बसला.

दुसऱ्या दिवशी वहिनी आली. आत यायलाच तयार नव्हती.

"भावजी, ते बसवू नका."

"शब्द दिलाय, वहिनी."

"मग असं बसवा की चालणार नाही. परवा अंगणात जीप काढली. ब्रेक समजून पाय दिला तो भलतीकडेच. भिंत पाडली, आणि वर मलाच म्हणतात, भिंत जुनी होती. वर जाताना मागे माणसं बसतात हो, पोरंबाळं बसतात. आणि सांगून ते ऐकणार आहेत का कुणाचं?"

दादा कुणाचं ऐकेल त्या दिवशी सूर्य पश्चिमेला उगवेल, हे मिस्त्रीलाही ठाऊक होतं.

काम मात्र त्यानं जीव ओतून केलं. भंगारातल्या सायकलचा गियरचा खटका डॅशबोर्डवर बसवला, दादाच्या हाताला बरोबर लागेल असा. सायकलच्याच ब्रेकची वायर इंजिनाकडे नेली. पत्र्याला भोक पाडलं, वायर घासू नये म्हणून भोकाला रबर लावलं. कार्बोरेटरच्या दांडीवर वायर धरायला पितळेची चिमटी आणि चिमटीला एक स्क्रू. तो आवळला की दादा डोंगर चढायला मोकळा.

तो स्क्रू त्यानं सैल ठेवला. स्वतःचीच शिसारी आली त्याला. ठिपका द्यायला बाटली उघडली, तर हात पुढे होईना. खोटं काम केलं ते केलं, वर खोटी साक्ष कुठे द्यायची! त्यानं बाटली बंद केली.

दादा आला तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. खटक्यावरून हात फिरवत म्हणाला, "वा रे पठ्ठ्या!" जीप सुरू केली. खटका ओढला. इंजिन होतं तसंच घुरघुरत राहिलं. पुन्हा ओढला. मिस्त्री जमिनीकडे बघत उभा.

दादा खाली उतरला, गाडीला धरत धरत पुढे आला, बॉनेट उघडलं. त्याचं बोट वायरवरून सरकत गेलं आणि चिमटीपाशी थांबलं.

"ठिपका नाही."

"राहिला असेल."

"तुझ्या हातून?"

मिस्त्री फडक्याला हात पुसू लागला.

"वहिनी आली होती ना?"

मिस्त्रीनं मान डोलावली. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून त्यानं दादापुढे धरला. एक पीळ द्यायचा, दादाला ते झोपेतसुद्धा जमलं असतं. आता काय ते दादानंच ठरवावं.

दादानं तो घेतला, स्क्रूच्या खाचेत टेकवला आणि तसाच उभा राहिला.

"त्या दिवशी ती भिंतीला लागूनच उभी होती," तो म्हणाला. "कपडे वाळत घालत होती. हे नसेल सांगितलं तिनं तुला."

"नाही."

"बाटली दे."

दादानं त्या सैल स्क्रूवर लाल ठिपका दिला. ठिपका जरा पसरला.

"झालं काम," तो म्हणाला. इंजिन बंद करून त्यानं किल्ली मिस्त्रीच्या हातात ठेवली.

मिस्त्रीनं किल्ली खिशात टाकली. दादा त्याच्या खांद्यावर हात टाकून घराकडे निघाला, रस्त्यानं हवापाण्याचं काहीबाही बोलत होता. चार पावलं गेल्यावर मिस्त्रीनं मागे वळून पाहिलं. दादाची उजवी चप्पल गॅरेजच्या दारातच पडली होती.

"थांब," तो म्हणाला. त्यानं चप्पल आणली, खाली बसून दादाचा पाय मांडीवर घेतला, धूळ पुसली आणि चप्पल घातली. मग पाय तसाच दोन्ही हातांत धरून बसून राहिला.

दादा समोर डोंगराकडे बघत होता.

"घातलीस का रे?" त्यानं विचारलं.