‘चला’ म्हटल्यावर

नव्वदच्या दशकात मी रबाळ्याच्या एका छोट्या कारखान्यात मशीनच्या बोर्डांसाठी प्रोग्राम लिहायचे. प्रोसेसरला ठरावीकच हुकूम कळतात. तोच त्याचा इन्स्ट्रक्शन सेट. एका हुकमात दहा कामं उरकणारा प्रोसेसर चांगला, की साधे, छोटे हुकूम पाळणारा, यावर आमच्यात कायम वाद चालायचा. मी छोट्यांच्या बाजूची. मोठ्या हुकमाच्या पोटात काय काय चालतं ते बाहेरून दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टींचा मला रागच यायचा.

त्याच सुमारास बाबांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, पण कशानंतर काय करायचं तेच डोक्यातून पुसलं गेलं. ‘शर्ट घाला’ म्हटलं की शर्ट हातात धरून बघत बसायचे. बँकेची आख्खी शाखा सांभाळलेला माणूस. मला बघवायचं नाही. मग कामावरचीच युक्ती मी घरी आणली. “बाबा, डावा हात बाहीत घाला. आता उजवा. आता वरचं बटण.” जमलं की! ऑफिसात मी ते सगळ्यांना सांगत सुटले.

आईला मात्र ही कटकट मंजूर नव्हती. संध्याकाळी पदर खोचत ती नुसतं म्हणायची, “चला.” बाबा उठायचे, चपला घालायचे, खुंटीवरची किल्ली घेऊन दाराबाहेर उभे राहायचे. आई मागून गॅस बघून यायची, कुलूप लावायची, आणि दोघं वाशीच्या खाडीकडे फिरायला जायची.

“तुझंच कसं गं ऐकतात?”

“काही पण काय! रोजचंच तर आहे,” ती म्हणायची. मी खट्टू व्हायचे.

पुढच्या उन्हाळ्यात आई गेली. दुपारी छातीत कळ आली आणि हॉस्पिटल गाठेपर्यंत सगळं संपलं. बाबांना मी छोट्या छोट्या वाक्यांत सांगितलं. त्यांनी मान हलवली.

त्यानंतर ते घराबाहेर पडेनात. असेच बसून राहिले तर अंथरूण धरतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी भ्यायले. “उठा. उजवा पाय पुढे. आता डावा.” दारापर्यंत यायचे आणि तिथल्या स्टुलावर बसकण मारायचे. मी ओरडायचे, मग रडायचे.

शेवटी एका संध्याकाळी हट्ट सोडला आणि आईसारखंच म्हटलं, “चला.”

बाबा उठले. चपला घातल्या, किल्ली घेतली, बाहेर जाऊन उभे राहिले. मला खूप आनंद झाला. धावत बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

त्यांनी किल्ली दिली नाही. माझा हात बाजूला सारून त्यांनी दार पुन्हा ढकललं आणि स्वयंपाकघराच्या दिशेने बघत राहिले.

“अगं, झालं का?” बाबांनी हाक मारली.

जिन्यातला दिवा लागला तरी आम्ही दोघं उघड्या दारात तसेच उभे होतो.