बंद करायची राहून गेलेली चाचणी

बिरवाडीत एका किराणा दुकानाच्या माडीवर दोन खोल्या आहेत. एकीत अंकिता उतेकर राहते, दुसरीत कारखान्यात जाणारी तीन माणसं. त्यांच्या पाळ्या फिरत्या, त्यामुळे जिन्यात चपला दिसतात, माणसं दिसत नाहीत. अंकिता तेहेतीस वर्षांची. वडील ती कॉलेजात असतानाच गेले. आईच्या आजारपणात ती मुंबईची कचेरी सोडून इकडे आली, आणि तीन वर्षांपूर्वी आई गेल्यावरही इथेच राहिली. कारखान्यांमुळे बिरवाडीत इंटरनेट चांगलं चालतं, काम घरून करता येतं.

तिची कंपनी खासगी बसची तिकिटं मोबाइलवर विकते. वेबसाइटवर कुणी कुठे बोट लावलं, कोण कुठून परत फिरलं, हे नोंदवणारे कोडचे छोटे छोटे तुकडे असतात. शिवाय चाचण्या चालतात. निम्म्या लोकांना पान एका तऱ्हेने दाखवायचं, निम्म्यांना दुसऱ्या, आणि तिकिटं कशाने जास्त जातात ते बघायचं. असा प्रत्येक तुकडा पान उघडताना थोडा थोडा वेळ खातो. काम झालं की तो काढायला हवा. पण लावणाऱ्याच्या ते लक्षात राहत नाही, आणि काही जण तर नोकरी सोडून गेलेले असतात. मागे राहिलेलं हे सगळं काढून पान हलकं ठेवणं हे अंकिताचं काम. पूर्वी त्यासाठी पाच जण होते. आता ती एकटीच आहे. काम नीट झालं तर काहीच बिघडत नाही, आणि काही बिघडलं नाही तर कुणाचा फोन येत नाही. सोमवारी दहा मिनिटं यशराज, तिचा साहेब, बोलतो. तो कधी कॅमेरा लावत नाही, म्हणून तीही लावत नाही. काही दिवशी तिच्या तोंडून दिवसभरात दूधवाल्याला म्हटलेलं 'अर्धा लिटर' एवढंच निघतं.

महिन्यातून एका शनिवारी ती उंबरवाडीला आत्याकडे जाते. महाड-पोलादपूर रस्त्यावर फाटा आहे, तिथून वीस मिनिटांचा चढ. आत्या, तुळसाबाई, वाडीत एकटी असते. मुलगा मंगेश नालासोपाऱ्याला, कुरियरच्या गोदामात कामाला. सप्टेंबरातल्या अशाच एका शनिवारी अंकिता ओट्यावर बसून हातातल्या फोनकडे बघत होती. वाडीत रेंज जेमतेम येते, म्हणून पानाचा वेग ती इथेच तपासते.

"काय मोजतंस गो?" आत्याने विचारलं.

"पान उघडायला किती वेळ लागतो ते."

"मंग?"

"एकवीस सेकंद. फार आहेत."

"मला तर काय घाई नाय," आत्या म्हणाली.

अंकिताने हसून विचारलं, "मंगेशदादा दिवाळीला येणार ना?"

"कसा येल? गाडी थांबत नाय आता फाट्यावर. तीन वरसं झाली, त्यानंच सांगितलान."

त्याच सकाळी फाट्यावर मुंबईची बस थांबलेली आणि दोन बायका उतरलेल्या तिने पाहिल्या होत्या. संध्याकाळी खाली येऊन फाट्यावर उभी राहिल्या राहिल्या तिने मंगेशला फोन लावला.

"दादा, यायचं नसेल तर नको येऊ. पण आत्याला खोटं कशाला सांगतोस?"

"खोटं? थांब, तुला दाखवतो." दोन मिनिटांत त्याने फोनच्या पडद्याचा फोटो पाठवला. तिच्याच कंपनीचं पान. थांब्यांच्या यादीत महाड, आणि त्याखाली थेट पोलादपूर. मध्ये काही नाही.

तिने स्वतःच्या फोनवर तेच पान उघडलं. महाड, उंबरवाडी फाटा, पोलादपूर.

एकच वेबसाइट, एकच दिवस, आणि दोघांना दोन याद्या. असं कशाने होतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

खोलीवर येऊन तिने चालू चाचण्यांची यादी काढली. इतकी वर्षं ती सोडून गेलेल्या माणसांच्या चाचण्या शोधत आली होती. अजून कामावर असलेल्यांच्या कधी तपासल्या नव्हत्या. तिथे ती चाचणी सापडली. कमी प्रवाशांचे एक्केचाळीस थांबे निम्म्या लोकांपासून लपवायचे, म्हणजे यादी आटोपशीर दिसेल. मुदत दोन आठवडे. एकदा माणूस ज्या निम्म्यात पडला, तो त्याच्या खात्यासकट तिथेच राहणार. चाचणी लावणाऱ्याचं नाव: अंकिता उतेकर. तारीख तिने पुन्हा पुन्हा पाहिली. त्या दिवशी सकाळी तिने चाचणी लावली होती, आणि नंतरच्या आठवड्यात आईला दवाखान्यात ठेवलं. चाचणी बंद करायच्या दिवशी ती रजेवर होती.

तिने चाचणी बंद केली. सोमवारी यशराजला सगळं सांगितलं.

"अरे बापरे," तो म्हणाला. "आकड्यांवर काही परिणाम?"

"फारसा नाही. थांबे लहानच होते."

"मग ठीक आहे. बरं झालं सापडलं."

तिला वाटलं होतं तो रागावेल. रागावला असता तर निदान त्यावर काही बोलणं तरी झालं असतं.

त्यानंतरचे तीन आठवडे ती झपाटल्यासारखी बसली. प्रत्येक चाचणीला शेवटची तारीख घातली. त्या दिवशी ती आपोआप बंद व्हावी, कुणाच्या आठवणीवर काही राहू नये. त्रेसष्ट मेलेले तुकडे काढले, त्यांतले नऊ तिचे स्वतःचेच. मग मंगेशला फोन केला.

"म्हणजे आमचा थांबा तू घालवलास?"

"हो. मीच."

"तसं नाय गं अगदी," तो म्हणाला. "पहिल्या वर्षी दोनदा पोलादपूरला उतरून मागे आलो. रिक्षावाले वर यायला तयार नसायचे. मग येणं सुटलंच. आईला सांगायला कारण तयार होतं. आता ते पण नाय राहिलं. तिला एवढंच सांग, गाडी परत थांबायला लागली."

पण अंकिताने आत्याला खरं काय ते सांगितलं. आत्या तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"तवा तुझी आय दवाखान्यात होती ना?"

"हो."

"मंग कसं ध्यानात ऱ्हाणार गो." आणि थोड्या वेळाने, "आता थांबते ना?"

"थांबते."

त्या दिवशी ओट्यावर पान सहा सेकंदांत उघडलं. तिने ते आत्याला सांगितलं नाही.

दिवाळीला मंगेश आला नाही. डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी अंकिता सवयीने थांब्यांचे आकडे बघत होती. त्यात तिला नावं दिसत नाहीत, नुसते आकडे. उंबरवाडी फाट्यासमोर 'एक' हा आकडा होता. बोरिवलीहून, आजच्या सकाळच्या बसचं तिकीट. कुणाचंही असेल, असं मनाशी म्हणत तिने आत्याला फोन लावला.

"आलाय गो," आत्या घाईने म्हणाली. मागे भांड्यांचा आवाज येत होता. "आत्ताच पानावर बसलाय. मंग कर."

फोन ठेवला गेला. अंकिता खुर्चीत बसून राहिली. मग तिने गुरुवारी संपणाऱ्या दोन चाचण्यांच्या तारखा एकदा तपासल्या, लॅपटॉप मिटला आणि स्वतःसाठी भात लावला.