भानुमती आणि वायर काढलेले की-बोर्ड

गुडगावच्या नव्या शाळेत भानुमती पहिल्या दिवशी गेली, तेव्हा तिला कॉम्प्युटर दिसलेच नाहीत. दिसल्या त्या आठ लाल मखमली झुली, वरातीच्या घोड्याला घालतात तसल्या, जरीच्या झालरीच्या. खाली यंत्रं आहेत, असं प्रिन्सिपल खन्ना मॅडमनी सांगितलं आणि आधी चपला बाहेर काढायला लावल्या.

पुण्यात नऊ वर्षं डेटा एंट्री केलेली बाई ती. नवऱ्याची, हरिदासची, दिल्लीला बदली झाली, लक्ष्मीबाई नगरात सरकारी क्वार्टर मिळालं, आणि अठ्ठ्याण्णव साली तिनं ही नोकरी धरली. यंत्राला उदबत्ती ओवाळणारी माणसं तिनं आजवर पाहिली नव्हती.

तिसरीच्या मुलांना कॉम्प्युटर हा विषय होता, कॉम्प्युटर नव्हता. गुळगुळीत पुस्तकातली उत्तरं पाठ करायची, वहीत माउसचं चित्र शेपटीसकट रंगवायचं, की दहापैकी दहा. आईबापांना काचेतून झुली दाखवल्या जात. ते हरखून जात आणि ॲडमिशन घेऊन टाकत.

"बडा घर पोकळ वासा," भानुमती घरी येऊन म्हणायची. "शेतांवर बंगल्यांसारख्या कोठ्या बांधल्यात अहो या लोकांनी, पण अक्कल कुठून आणणार?"

"अच्छा, मग तुला काय करायचंय? वर्ष काढ ना चूपचाप," हरिदास म्हणायचा.

ती तोंडानं गप्प बसली. पण शुक्रवारी मॅडम मीटिंगला गेल्या, की झुली कोपऱ्यात फेकून एकेका यंत्रापुढे पाच-पाच मुलं बसवायची. शिवांगी नावाची एक दात पडलेली मुलगी महिन्याभरात स्वतःचं नाव टाइप करायला शिकली. यंत्र अडलं तर आधी वायर तपासायची, हेही.

मग पाहुणे यायचे ठरले. शाळेला जमीन देणारे बिल्डर, सगळे त्यांना चौधरीसाहेब म्हणायचे. मॅडमनी फर्मान काढलं, "बच्चे कुछ बिगाड़ देंगे. की-बोर्ड की तार निकाल दो. स्क्रीनसेवर की मछलियाँ चलने दो. बच्चे बस उँगलियाँ चलाएँगे."

भानुमतीनं स्वतःच्या हातांनी आठही वायरी काढल्या. मॅडमची तिला कीव येत होती. पण त्या दिवशी स्वतःची किळस आली.

चौधरीसाहेब आले, हार घालून घेतले, आणि शिवांगीच्या मागे उभे राहिले. "बेटा, मेरा नाम लिखकर दिखाओ."

शिवांगीनं मान वळवली. "सर, कैसे लिखूँ? इसकी तार निकली हुई है."

साहेबांनी वाकून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. "बिना तार का! वाह! अमरीका से मँगवाया?"

"जी सर, इम्पोर्टेड," मॅडम म्हणाल्या. टाळ्या पडल्या.

शिवांगी टाळ्या वाजवणाऱ्यांकडे पाहत होती, आणि मग भानुमतीकडे. आपलंच काहीतरी चुकलं असावं, असा तिचा चेहरा झाला होता. तो मात्र भानुमतीला सोसवेना. ती पुढे झाली, टेबलामागे वाकून वायर खोचली आणि यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं.

"बरोबर बोललीस तू," ती शिवांगीला हिंदीत म्हणाली. "आता लिही."

यंत्र सुरू व्हायला दोन मिनिटं लागली. शिवांगीनं एका बोटानं तिसरं अक्षर शोधेपर्यंत साहेब सामोशांकडे निघून गेले होते. तिनं त्यांचं नाव पुरं केलं. ते वाचायला खोलीत भानुमती आणि मुलंच होती.

मॅडम संतापल्या; पण यंत्र चालू करता येणारी दुसरी बाई शाळेत नव्हती. म्हणून मार्चपर्यंत ठेवली, आणि एप्रिलमध्ये नारळ दिला. तोवर भानुमतीनं एकही तास पुस्तकातून घेतला नाही.

निघायच्या आठवड्यात शिवांगीची आई भेटायला आली. भानुमतीला वाटलं, आभार मानायला आली असेल. ती म्हणाली, "मैडम, ये घर में टीवी के पीछे घुसी रहती है. इसे डांस में डाल दें?"

"बिल्कुल नहीं," भानुमती म्हणाली, आणि पाठ फिरवून कपाट आवरू लागली.

पुढे दिल्लीच्या लष्करी छावणीतल्या एका शाळेत तिला काम मिळालं. तिथल्या हेडमास्तरांशीही पहिल्याच आठवड्यात तिचं वाजलं.