मुराळ्याची सायकल

आता धाराशिवात सायकल घ्यायला गेलं की पोरं आधी विचारतात, गिअर किती आणि वजन किती. दोन बोटांनी उचलून बघतात. लांब लांब जातात म्हणे, पार समुद्रापर्यंत. जाऊ द्या. मला कुणी विचारलं तर मी एवढंच सांगतो, कुठं जायचं ते नंतर बघा, तिच्यावर काय बसायचं ते आधी ठरवा. माझी शाळा तिसरीतच सुटली, पण सायकल मी पारखून घेतली होती. घेतली ती बहिणीला आणायला.

निजाम जाऊन काही वर्षं झाली होती. एस.टी. सुरू झाली होती, पण सडकेपुरती. आमचं गाव वाशीच्या अंगाला, आणि आक्काला दिलेली नळदुर्गाच्याही पुढं, सडक सोडून लई आत, जिथं निम्मं बोलणं कानडीत चालतं. आमच्यात पंचमीला लेक माहेरी येते ती आपली आपण येत नाही. तिला आणायला माणूस जावा लागतो, भाऊ नाहीतर चुलता. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला नाही तर सासरची माणसं पाठवत नाहीत, आणि त्यात त्यांचं चुकतं असंही कुणी म्हणत नाही. आमचे वडील वारले, पाठोपाठ जोडीतला एक बैल गेला, आणि आक्का लागोपाठ दोन पंचम्या सासरीच राहिली. तिकडून सांगावा आला, मुराळी गाडी घेऊन येईल तेव्हा पाठवू. पंचमीची पुरणाची दिंडं आईनं दोन्ही साली केली नाहीत.

तिसऱ्या साली हरभरा चांगला झाला. त्या पैशात बैल बसत नव्हता, सायकल बसत होती. वाशीत भाड्याच्या सायकलीवर मी शिकलो होतोच. आईला सांगितलं, तर तिला वाटलं माझं डोकं फिरलं. पण माझं एकदा ठरलं की ठरलं.

धाराशिवातल्या दुकानात दुकानदार चाचांनी एक हिरवी, चकचकीत सायकल पुढं केली. दिवा, डायनामो, सगळं होतं. मास्तर लोक हीच नेतात म्हणाले. मी हँडलला हात लावायच्या आधी कॅरिअरवर बसून बघितलं. ते वाकलं. मग दुकानात होत्या तेवढ्या सगळ्या सायकलींच्या कॅरिअरवर बसलो. गिऱ्हाईकं हसत होती, हसू दिलं. भिंतीला एक काळी उभी होती, दुधवाले नेतात तसली. दोन दांड्यांची, जाड तारांची, कॅरिअर लोखंडी पट्टीचं. तिच्यावर मी बसलो आणि चाचांनाही माझ्यामागं बसवलं. हूं की चूं केलं नाही तिनं. डायनामो नको म्हणालो, त्यानं चाक जड होतं आणि मला अंधारात जायचंच नव्हतं. पंप, पाना, पंक्चरचं रबर आणि सोल्युशनची नळी, एवढं एका पिशवीत घालून दांडीला बांधलं. मग म्हणालो, दोन्ही मडगार्ड काढा.

चाचांनी हातातला पाना खाली ठेवला. नव्या सायकलीचे मडगार्ड कुणी काढतं का, असं त्यांचं म्हणणं. मी सांगितलं, नळदुर्गाच्या पुढं काळी माती आहे. श्रावणात ती मडगार्डात गच्च बसते, चाक फिरत नाही, काटकीनं उकरत बसावं लागतं.

"मालक, मागं कोण बसणार हाय?"

बहीण, म्हणालो.

"मग मागचा तर राहू द्या."

मी दोन्ही काढायला लावले.

पंचमी जवळ आली तसा निघालो. येडशीचा चढ सायकल हातात धरून चढलो. तुळजापुरात आमच्या पुजाऱ्यांकडं मुक्काम केला आणि नळदुर्गाला सडक सोडली. मी म्हणालो तशीच माती होती. एक बैलगाडी आसापर्यंत रुतून बसलेली, गाडीवान चाकाला खांदा लावत होता. मी बाजूनं निघून गेलो.

आक्का दारात आली. तिचे डोळे आधी माझ्यामागं गेले, गाडी बघायला. मग पाण्याचा तांब्या देऊन ती आत गेली. सासरे चार माणसांत ओट्यावर बसले होते. म्हणाले, "मुराळी आला व्हय? आन बैलं कुठं सोडली?" ओटा हसला. मी म्हणालो, "मामा, ही वैरण मागत न्हाय." ते काही त्यांना आवडलं नाही.

सासू मात्र उठून आल्या. बैलाचे दात बघावेत तसं त्यांनी कॅरिअर धरून हलवलं, सीट दाबली. मागचं उघडं चाक फिरवून बघितलं. मग मला पाठ फिरवायला लावली. चाकानं उडवलेला चिखल कमरेपासून मानेपर्यंत थापला होता.

"हिचं लुगडं ह्या चाकात गेलं म्हंजी? हातपाय मोडून आणून घालशील आमची सून."

मडगार्ड असते तर मीच इथवर पोचलो नसतो, हे मी त्यांना सांगितलं आणि आजही सांगतो. पण लुगड्याचा विचार मी केला नव्हता. सासरे म्हणाले, जेवून जा, पुढल्या साली गाडी घेऊन ये.

आक्का दाराशी उभी होती. सासऱ्यांशी ती बोलत नसे. सासूकडं बघून म्हणाली, "आत्याबाई, दोन पोती द्या. आन दाभण."

मग पोती सासूनंच आणली. आक्कानं ती कॅरिअरच्या पायांना ताणून धरली आणि सासूनं सुतळीनं टाके घातले, दोन्ही बाजूंनी, चाक झाकेपर्यंत. सुतळी ओढता ओढता त्या सासऱ्यांना कानडीत काहीतरी म्हणाल्या. सासरे उठून गोठ्याकडं गेले. पाठवायचं ठरलं, एवढं मला कळलं.

सासूनं एकच अट घातली, गावातून बसून जायचं नाही. वेशीपर्यंत कॅरिअरवर नुसतं गठुडं बसलं आणि आक्का डोक्यावर पदर घेऊन मागं चालली. काळी माती सगळी दोघांनी पायीच काढली. सडकेला लागल्यावर ती बसली. चढाला उतरून मागून ढकलायची, उताराला माझी कंबर आवळून मला शिव्या द्यायची. येतानाही मुक्काम तुळजापुरातच केला. पंचमीच्या आदल्या दिवशी, चतुर्थीला, बायका भावासाठी उपास करतात. तो तिनं त्या साली माझ्याच मागं बसून केला, आणि दिवस मावळायच्या आत आम्ही घरी पोचलो.

दुसऱ्या दिवशी पंचमीला गावातल्या पोरीबाळी लिंबाच्या झोक्याला जमल्या. आक्काला काही केल्या बसवेना. कॅरिअरच्या लोखंडी पट्ट्यांवर वाकळेची घडी बांधायला पाहिजे होती, हे मला चाचांनीही सांगितलं नव्हतं. ती दोर धरून फळीवर उभी राहिली आणि उभ्यानंच झोका चढवला, इतका उंच की आई खालून ओरडायला लागली, आगं बस खाली.

"आता बसायचं नाव काढू नगंस," आक्का वरून म्हणाली.